लेकींकडे बघणारा बाप

परवा माझी भाची दोन कागद घेऊन घरी आली. तिचा मुलगा तिसरीत आहे. हुशार आहे, पण एका जागी बसेल तर शपथ! वही अर्धी, डबा अर्धा, पाण्याची बाटली आठवड्यातून दोनदा शाळेतच राहिलेली. बाईंच्या तक्रारी ऐकून ऐकून शेवटी तिनं त्याला शहरात नेऊन तपासून आणलं. एका ठिकाणी त्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर एकामागून एक अक्षरं येणार, ठरलेलं एक अक्षर सोडून बाकी प्रत्येक वेळी बटण दाबायचं. पंधराएक मिनिटांचं काम. रिपोर्ट आला, लक्ष फारच कमी. दुसऱ्या ठिकाणी एक मॅडम त्याच्यासमोर बसल्या. चित्रं दाखवली, ठोकळे जुळवायला दिले, आकडे उलटे म्हणायला लावले, मधूनमधून गप्पाही मारल्या. तिथे हा पठ्ठ्या तासभर शहाण्यासारखा बसला! रिपोर्ट, लक्ष वयाच्या मानानं ठीक. आता मावशी, यातलं खरं कुठलं धरायचं, असं ती मला विचारत होती. नवऱ्याचं म्हणणं, यंत्र कशाला खोटं बोलेल. सासूबाईंचं म्हणणं, दोन्हीकडे पैसे फुकट घालवले.

मी काही डॉक्टर नाही. पण तिचे ते दोन कागद बघताना मला आल्फ्रेड बिने आठवला. डी.एड.ला मानसशास्त्राच्या पुस्तकात त्याचा फोटो होता. टोकदार दाढी, नाकावर चिमट्याचा चष्मा. खाली एक ओळ, बुद्धिमापनाचा जनक. परीक्षेला तेवढी पाठ केली की दोन मार्क मिळत. हा माणूस दोन लेकींचा बाप होता आणि त्याचं सगळं शास्त्र त्या लेकींपासून सुरू झालं, हे मात्र मला फार उशिरा कळलं.

बिनेचा जन्म १८५७ सालचा, नीस या गावातला. हे गाव तेव्हा फ्रान्समध्ये नव्हतंच, सार्डिनियाच्या राज्यात होतं. तीन वर्षांनी ते फ्रान्सला जोडलं गेलं. वडील डॉक्टर, आई चित्रकार. दोघांचं पटलं नाही आणि मुलगा आईजवळ वाढला. मुलगा भित्रा. त्याची भीती घालवायची म्हणून वडिलांनी त्याला एकदा प्रेत दाखवायला नेलं आणि हातही लावायला लावला, असं सांगतात. भीती कसली जातेय, उलट जन्माची बसली! पुढे आई त्याला घेऊन पॅरिसला आली. चांगल्या शाळेत घातलं. तो वकिलीची परीक्षा पास झाला, पण वकिली केली नाही. मग डॉक्टरकी शिकायला लागला, तीही अर्ध्यात सोडली, कारण मनानं पार कोसळला. आजच्या भाषेत सांगायचं तर घरचे लोक नातेवाइकांना काय सांगायचं या काळजीत पडावेत असा मुलगा. एका परीक्षकानं तर याला तत्त्वज्ञानाचं डोकं कधी येणारच नाही, असं तोंडावर सुनावलं होतं. हे त्याच्या इतकं लागलं की पन्नाशीला आल्यावर लिहिलेल्या पुस्तकातही त्यानं ते नोंदवून ठेवलं आहे.

आजारपणातून उठल्यावर तो पॅरिसच्या मोठ्या ग्रंथालयात जाऊन बसायला लागला आणि मानसशास्त्राची पुस्तकं एकट्यानंच वाचत सुटला. गुरू नाही, कॉलेज नाही. तिथून तो साल्पेत्रिएर या प्रसिद्ध हॉस्पिटलात डॉक्टर शार्को यांच्या हाताखाली गेला, १८८३ च्या सुमारास. शार्कोंचं तेव्हा युरोपभर नाव. मोहनिद्रेचे प्रयोग बघायला लांबून लांबून लोक येत. बिने आणि त्याच्या एका सहकाऱ्यानं तिथे एक भलताच शोध लावला. मोहनिद्रेतल्या बाईजवळ लोहचुंबक नेला की तिच्या एका अंगाची लक्षणं दुसऱ्या अंगाला जातात म्हणे! केवढा गाजावाजा झाला. मग बेल्जियममधले देलबफ नावाचे प्राध्यापक प्रत्यक्ष बघायला आले. त्यांच्या लक्षात आलं की आता काय होणार आहे, काय व्हायला हवं, हे हे लोक त्या बाईसमोरच मोठ्यानं बोलतात. बिचारी बाई ऐकते आणि त्यांना हवं ते करून दाखवते. चुंबकाचा काही संबंध नाही.

बिने आधी भांडला, लेखांवर लेख लिहिले. पण शेवटी त्यानं आपली चूक जाहीरपणे मान्य केली आणि १८९० मध्ये ते हॉस्पिटल सोडलं. मला या माणसाबद्दल आदर वाटायला लागतो तो इथपासून. समोर बसलेला माणूस आपल्या चेहऱ्यावरचं वाचतो, आपल्या आवाजावरून उत्तर ठरवतो, हे तो स्वतःची फजिती करून घेऊन शिकला. समोरासमोर केलेल्या तपासणीतला सगळ्यात मोठा धोका त्यानं स्वतःच्या अंगावर झेललेला होता.

याच दिवसांत घरी काय चाललं होतं ते बघा. १८८४ मध्ये त्याचं लग्न झालं, प्राध्यापक बाल्बियानी यांच्या लॉर या मुलीशी. १८८५ मध्ये मादलेन झाली, १८८७ मध्ये अलिस. हॉस्पिटलातले प्रयोग फसले, नोकरी धड नाही, तेव्हा हा बाप घरात बसून लेकींकडे बघायला लागला. बघणं म्हणजे नुसतं कौतुकानं नव्हे. लिहून ठेवायचा.

मादलेन चालायला शिकली ती अशी: खुर्चीला धरून उभी राहायची, दोन पावलांवरचं टेबल आधी नीट बघून घ्यायची, मग गंभीर चेहरा करून, एक शब्द न बोलता तिथपर्यंत जायची. अलिस मात्र खोलीच्या मधोमध, कशाचा आधार नसताना, हसत खिदळत निघायची. कुठे जायचंय याचा पत्ता नाही. आपटली तरी पुन्हा तेच. एकाच आईच्या, एकाच घरातल्या दोन मुली. आपल्याकडे आजी लगेच म्हणते, ही थोरली शांत, ही धाकटी उनाड, आणि विषय संपतो. बिनेनं तो संपवला नाही. त्याला वाटलं, हा लक्ष लावण्यातला फरक आहे आणि तो माणसामाणसांत जन्मापासून वेगळा असू शकतो. पुढे या मुली मोठ्या झाल्या तरी त्याला तोच फरक दिसत राहिला. थोरली नेमकं, समोर दिसेल तेवढं वर्णन करायची, धाकटी कल्पनेत रमायची. १९०३ मध्ये त्यानं बुद्धीच्या अभ्यासावर जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात या दोघीच आहेत, फक्त नावं बदलून.

पण मला भाचीला सांगायचं होतं ते १८९० सालचं. मुली तेव्हा साधारण साडेचार आणि अडीच वर्षांच्या. त्या काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा समज असा की बुद्धी म्हणजे तल्लख कान, तल्लख डोळे आणि चपळ हात. इंग्लंडमध्ये गॉल्टन साहेबांनी यंत्रांची सगळी मांडामांड करून लोकांना रांगेनं मोजलं होतं. बिनेनंही घरात तसंच यंत्र मांडलं. खूण झाली की लगेच हात हलवायचा आणि मध्ये किती वेळ गेला ते मोजायचं. सरासरी काढली तर मुली मोठ्या माणसांपेक्षा बऱ्याच हळू. कुणीही इथे वही मिटली असती. बिनेनं सरासरी बाजूला ठेवून एकेक आकडा वाचला. तर काय, अधूनमधून मुलींचा हात मोठ्या माणसाइतकाच झटकन हलला होता! हात हळू नव्हताच. मध्येच मन दुसरीकडे जात होतं, आणि त्या वेळचा एखादा मोठा आकडा सगळी सरासरी बिघडवत होता.

हे सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे, बरं का. आज लक्षाच्या कॉम्प्युटर टेस्टमध्ये सुद्धा हेच मोजतात. अमेरिकेत १९५६ मध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांसाठी तशी पहिली चाचणी केली गेली, पुढे ती कॉम्प्युटरवर आली. किती अक्षरं सुटली, किती वेळा नको तिथे बटण दाबलं, आणि एकेका बटणाच्या वेळेत किती चढउतार आहे, हे यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगतं. लक्षाची अडचण असलेल्या मुलांमध्ये हा चढउतार बहुतेकदा जास्त सापडतो. म्हणजे भाचीच्या नवऱ्याचंही अगदीच चुकीचं नाही. यंत्र थकत नाही, कुणाकडे बघून हसत नाही, प्रत्येक मुलाला तेच अक्षर तितकाच वेळ दाखवतं. पण बटण दाबायचं राहिलं ते मुलगा खिडकीबाहेर बघत होता म्हणून, की सूचना नीट कळली नव्हती म्हणून, की सकाळी सहाच्या एसटीनं आणल्यामुळे पेंगत होता म्हणून, हे यंत्राला कळत नाही. बिनेला कळलं, कारण तो तिथेच गुडघे टेकून बसलेला होता.

पुढची दहा वर्षं मी भराभर सांगते. १८९१ मध्ये रेल्वे स्टेशनावर एका प्राध्यापकांची अचानक गाठ पडली आणि त्याला सॉर्बोन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. बिनपगारी! पुढे तो तिथला संचालक झाला, मासिकासारखं एक वार्षिक काढलं, तोंडी हिशोब करणारे आणि डोळे बांधून बुद्धिबळ खेळणारे तपासले. प्राध्यापकाची जागा मात्र दोनदा हुकली आणि कधीच मिळाली नाही. फावल्या वेळात त्यानं एका लेखकाबरोबर थिएटरसाठी चक्क भयनाटकं लिहिली, हे वाचून मला हसूच आलं. लहानपणचं ते प्रेत कुठे तरी बाहेर निघालं असणार.

१९०० साल मात्र थांबून बघण्यासारखं आहे, कारण त्या साली त्यानं दोन कामं छापली. एकात त्यानं एका वर्गातली काही हुशार आणि काही मागे पडलेली, अशी अकरा मुलं घेतली आणि त्यांना लक्षाची कामं दिली. छापील मजकुरातलं ठरलेलं अक्षर खोडा, ठिपके मोजा, अशी. पहिल्या वेळी दोन गटांत चांगलाच फरक पडला. तेच काम पुन्हा पुन्हा दिल्यावर फरक कमी कमी होत गेला. म्हणजे एकदा बसवून काढलेला आकडा हा पुष्कळदा नवखेपणाचा आकडा असतो. दुसरं काम म्हणजे मुलं सांगण्याला कशी भुलतात त्यावरचं पुस्तक. मुलांना एका पुठ्ठ्यावर बटण, नाणं, तिकीट अशा वस्तू चिकटवून दाखवायच्या आणि नंतर विचारायचं. काय पाहिलं ते तुझं तू सांग म्हटलं की मुलं बरीच बरोबर. बटण कसल्या दोऱ्यानं शिवलं होतं असं विचारलं की नसलेल्या दोऱ्याचा रंगही सांगून मोकळी! प्रश्न विचारणाराच मुलाला चुकवू शकतो, हे त्यानं आता आकड्यांनी दाखवलं. साल्पेत्रिएरच्या फजितीचं चीज केलं म्हणा ना.

फ्रान्समध्ये शाळा सक्तीच्या झाल्या होत्या. त्यामुळे वर्गात मागे पडणारी मुलं पहिल्यांदाच सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. १९०४ मध्ये सरकारनं एक समिती नेमली, बिने तिच्यात होता. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग काढायचे, पण ती निवडायची कशी? बिनेनं वेगवेगळ्या संस्थांतल्या डॉक्टरांचे दाखले एकमेकांशेजारी ठेवून पाहिले आणि तो थक्क झाला. तेच मूल, आणि प्रत्येक कागदावर वेगळंच नाव. भाचीच्या हातातले दोन कागद मला इथेच आठवले. शिक्षकांवरही त्याचा भरवसा नव्हता. वर्गात दंगा करणारं पोर एकदाचं बाहेर जावं म्हणून ते त्याला मंद ठरवतील, अशी त्याला भीती होती. बिने आणि त्याचा तरुण डॉक्टर मित्र थिओदोर सिमाँ यांनी अशा मुलांचे दोन गट वेगळे मांडले आहेत. एक, ज्यांची समज मागे पडली आहे ती. दुसरी अस्थिर मुलं, चुळबुळी, जागेवर न बसणारी, लक्ष न टिकणारी. ही मंद नव्हेत, त्यांना एका पोत्यात कोंबू नका, असा त्याचा आग्रह.

१९०५ मध्ये दोघांनी तीस छोट्या चाचण्यांची मोजपट्टी केली. यंत्र एकही नाही. पेटलेली काडी हलवली की नजर तिच्यामागे जाते का, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांत बाळ काय उचलतं, इथपासून सुरुवात. १९०८ मध्ये ती वयाप्रमाणे लावली. तीन वर्षांच्या मुलानं नाक, डोळे, तोंड दाखवावं. चार वर्षांच्यानं किल्ली, चाकू, नाणं ओळखावं, तीन आकडे ऐकून म्हणावेत. पाच वर्षांच्यानं चार नाणी मोजावीत, दोन वजनांतलं जड ओळखावं, चौकोन काढावा. आपण घरी खेळता खेळता विचारतो तसलंच सगळं. कुठलं काम कितव्या वर्षी जमतं, हे शेकडो मुलांबरोबर बसून ठरवलेलं, एवढाच काय तो फरक.

तपासायचं कसं, याचे त्यानं घालून दिलेले नियम मला त्या चाचण्यांपेक्षा मोलाचे वाटतात. खोली शांत हवी. मुलाशी आधी प्रेमानं बोलावं, त्याची भीती जाऊ द्यावी. उत्तर चुकलं तरी रागवू नये, तोंड वाकडं करू नये. धीर द्यावा, पण मदत करू नये, प्रश्नाचे शब्द बदलू नयेत. कारण शब्द बदलला की काय होतं हे त्याला पक्कं माहीत होतं. मूल दमलं का, कंटाळलं का, याकडे लक्ष ठेवावं. आणि बरोबर उत्तरांच्या बेरजेइतकंच ते कसं उत्तर देतं तेही बघावं.

यातही एक गोम आहेच. कुणीतरी आपल्यासमोर बसलंय, आपल्याकडेच बघतंय, एवढ्यानंही चंचल मुलाचं लक्ष टिकतं. वर्गात पन्नास मुलांत ते टिकत नाही. म्हणून मॅडमसमोर तासभर नीट बसलेल्या मुलाला शाळेत काहीच अडचण नाही असं ठरत नाही. उलट रटाळ अक्षरांपुढे ज्याचं बोट चुकलं त्याला आजारच आहे, असंही ठरत नाही. भाचीचे दोन्ही कागद खरे असू शकतात. एक कागद एकटेपणीचा, दुसरा सोबतीचा. आजचे तज्ज्ञ नुसत्या कॉम्प्युटरच्या आकड्यावर एडीएचडी असं नाव देत नाहीत आणि नुसत्या समोरच्या चाचणीवरही देत नाहीत. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालीत का, निदान सहा महिने टिकलीत का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे आईला आणि बाईंना विचारावंच लागतं. आणि हो, पडद्यावरचे मार्क आणि टेबलावरचे मार्क एकमेकांशी थेट ताडून बघायचे नसतात. तराजूच वेगळे.

१९०५ मध्येच बिनेनं पॅरिसमधल्या ग्रांज-ओ-बेल रस्त्यावरच्या एका साध्या प्राथमिक शाळेत आपली प्रयोगशाळा थाटली. नुसतं मोजून थांबला नाही. मागे पडलेल्या मुलांसाठी मनाची कसरत म्हणून खेळ बसवले. पुतळ्याचा खेळ, म्हणजे आपला स्टॅच्यूच की! खूण झाली की वर्गानं आहे तसं थिजायचं, आणि रोज थोडं जास्त वेळ. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला न सांडता टेबलापासून टेबलापर्यंत न्यायचा. आधी बसायला शिकवा, ऐकायला शिकवा, मग धडा शिकवा, असं त्याचं म्हणणं. बुद्धी एकदा ठरली ती ठरली, तिच्यात वाढ नाही, असं म्हणणाऱ्यांवर १९०९ च्या पुस्तकात तो चांगलाच भडकला आहे. तो परीक्षक तेव्हाही आठवला असेलच.

१९११ मध्ये त्यानं मोजपट्टी पुन्हा तपासली आणि केवळ शाळेत शिकवल्यामुळे येणाऱ्या गोष्टी, जसं वाचन-लेखन, तिच्यातून काढून टाकल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो गेला, अवघ्या चोपन्नाव्या वर्षी. मोजपट्टी मात्र त्याच्या हातातून निसटून जगभर गेली. १९१२ मध्ये जर्मनीतल्या स्टर्न यांनी तिचा भागाकार करून बुद्ध्यंक ही कल्पना मांडली, १९१६ मध्ये अमेरिकेत टर्मन यांनी तिला नवं रूप दिलं. १९१७ मध्ये युद्धासाठी अमेरिकेत सतरा लाखांच्या आसपास सैनिकांना खोल्या भरभरून बसवलं आणि छापील परीक्षा घेतल्या. समोर बसलेला माणूस पहिल्यांदा नाहीसा झाला तो असा, कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी. सिमाँ १९६१ पर्यंत जगला आणि बुद्ध्यंकाचा हा एक आकडा म्हणजे बिनेच्या कामाशी केलेला द्रोह आहे, असं शेवटपर्यंत म्हणत राहिला.

आपल्याकडे ही मोजपट्टी आणली व्ही. व्ही. कामत यांनी. धारवाडकडच्या कानडी आणि मराठी मुलांसाठी त्यांनी ती नव्यानं बसवली, १९३४ मध्ये ते काम छापलं, १९४० मध्ये त्यावर पुस्तक आलं. बिने-कामत चाचणी या नावानं ती आजही आपल्याकडे वापरात आहे. त्या मॅडमच्या रिपोर्टवर वरच्या ओळीत तेच नाव होतं. भाचीनं ते आतापर्यंत वाचलंच नव्हतं, ती सरळ खालच्या आकड्यावर गेली होती.

तिची पुढच्या महिन्यात त्या मॅडमकडे पुन्हा तारीख आहे. या वेळी ती दोन्ही कागद, शाळेच्या अर्ध्या राहिलेल्या दोन वह्या आणि बाईंकडून लिहून घेतलेलं एक पान नेणार आहे. आकडा विचारण्याआधी, तो कुठल्या क्षणी खिडकीकडे बघायला लागला ते विचारणार आहे. तोवर संध्याकाळी घरात स्टॅच्यू चालू आहे. काल मी गेले तर पोरगा एक पाय वर करून उभा होता, आणि सासूबाई हातातल्या लाटण्यासकट थिजल्या होत्या.